झारी, फांट आणि शुक्राचार्य

एखादी गोष्ट आपल्याला कळलेली नाही असे म्हणण्याऐवजी ती 'थेरं' आहे असे म्हणण्याची उत्तम सोय मराठीत आहे, आणि सुशिक्षित मराठी माणूस तिचा सढळ वापर करतो. अलीकडे या शब्दाच्या तडाख्यात सापडलेली वस्तू म्हणजे घरच्या घरी, काचेच्या पात्रावर कागद बसवून, हाताने पाण्याची बारीक धार धरून गाळलेली बिनदुधाची कॉफी. प्राध्यापक-कक्षांत तिच्यावर विनोद होतात, लग्नसमारंभांत तिची नक्कल होते, आणि कोणी ती करताना आढळला तर 'पगार वाढले वाटतं' असा निदानवजा शेरा मिळतो. या टिंगलीचा प्रतिवाद करणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू या कॉफीच्या भक्तांचा हिशेब करण्याचा आहे. टिंगल करणारे आणि भक्त यांच्यात वरवर कितीही वैर दिसले तरी एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे : ही गोष्ट मराठीची नव्हे, असे दोघेही धरून चालतात.

आम्ही यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात राहणारे, महाविद्यालयांत मराठी शिकवणारे काही अध्यापक आहोत. आमच्यापैकी कोणाच्याही घराण्यात कॉफीचा मळा नव्हता. बहुतेकांच्या घरी कापूस होता. शेजारचे काका आमचा तो काचेचा चंबू पाहून विचारतात, "काहून सर, दूध नाही काय घरी?" हा प्रश्न निर्मळ आहे, आणि त्याला एक पेला पुढे करणे एवढेच उत्तर पुरते. वाद आहे तो शिकलेल्यांशी. त्यांचे आक्षेप मुख्यतः दोन : ही कॉफी परकी आहे, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात ती चैन आहे. दोन्हींचा विचार करण्याआधी मुळात ही वस्तू काय आहे ते पाहणे बरे.

कागदातून कॉफी गाळण्याची कल्पना १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची. तिने एका पितळी भांड्याला भोके पाडली, मुलाच्या वहीतला शाई टिपण्याचा कागद त्यात घातला आणि कॉफीतला गाळ वेगळा केला. पुढे पीटर श्लुम्बोम या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या रसायनशास्त्रज्ञाने १९४१ साली काचेचे पात्र सिद्ध केले. 'केमेक्स' या नावाने ते आजही विकले जाते. त्याची कृती पाहिली तर हसू येते. प्रयोगशाळेतले शंकुपात्र खाली, नरसाळे वर, दोन्ही एकाच काचेत जोडलेले. मध्ये कमरेला लाकडाचे कडे आणि ते बांधायला चामड्याची वादी. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले. ज्या वस्तूला आपण 'हाय-फाय' म्हणतो तिचे सगळे अवयव आपल्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशाळेच्या कपाटात धूळ खात पडलेले असतात. शंकुपात्र, नरसाळे, गाळणकागद, चंचुपात्र हे शब्द विज्ञान मराठीतून शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. (कोणी उत्साहाच्या भरात त्याच कपाटातले पात्र घरी आणू नये. ज्यात कधी काळी आम्ले आणि क्षार ओतले गेले त्यात पिण्याचा पदार्थ करणे धोक्याचे आहे.) वस्तू एवढीच. तिला वीज लागत नाही, तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही, आणि ती फक्त पडली तरच फुटते.

आता परकेपणाचा आक्षेप. तो बहुधा चहाच्या नावाने केला जातो : आपला तो चहा, कॉफी ती दुसऱ्यांची, त्यातही बिनदुधाची तर साहेबाची. हे म्हणणाऱ्यांनी १८९० सालचे पुण्यातले पंचहौद मिशनचे प्रकरण आठवावे. गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेल्या त्या मिशनमधल्या चहापानाला न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे गेली, त्यांची नावे छापून आली, आणि चहाच्या एका पेल्यावरून पुण्यात ग्रामण्य माजले. पुढे प्रायश्चित्तांपर्यंत गोष्ट गेली. ज्या पेयाने सव्वाशे वर्षांपूर्वी धर्म बुडत होता तेच आज मराठीपणाची खूण झाले आहे. मधल्या काळात काय घडले? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाच्या मळेवाल्यांच्या बाजूने, उपकरातून उभ्या केलेल्या पैशावर, रेल्वे स्थानकांपासून गिरण्यांपर्यंत चहाचा पद्धतशीर प्रचार झाला. चहा आपल्याकडे परंपरेने चालत आलेला नाही. तो जाहिरातीने आणला आणि आपण आपलासा केला. त्यात वाईट काहीच नाही. पण मग दुसऱ्या पेयाला परकेपणाचा दाखला मागण्याचा अधिकार उरत नाही.

आणि ज्या 'सगळ्यांच्या' चहाची आठवण काढून डोळे पाणावतात, त्या चहाच्या टपरीवर दलितांसाठी कान तुटलेली वेगळी कपबशी असे, हेही त्याच परंपरेत येते. दलित आत्मकथने शिकवताना आम्ही ती कपबशी वर्गात उचलून धरतो आणि तास संपल्यावर 'चहा म्हणजे समता' असे लेख वाचतो. पेय जात्या समतावादी नसते आणि जात्या उच्चभ्रूही नसते. ते कोण कोणाला कसे देतो यावर सगळे ठरते.

कॉफी तरी खरोखर किती परकी आहे? बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या ही सतराव्या शतकातली आख्यायिका बाजूला ठेवू. पण इंडिया कॉफी हाउसची सुरुवात १९३६ साली झाली ती मुंबईत, चर्चगेटला. मराठी घरांत कॉफी होतीच. ती दुधात उकळलेली, साखर घातलेली, वर जायफळ किसलेली अशी होती. पाहुण्यांसाठी, आजाऱ्यासाठी, रात्रीच्या जागरणासाठी ती केली जाई. जायफळाच्या त्या कॉफीविरुद्ध आमची काहीही तक्रार नाही. खीर आणि औषध यांच्या सीमेवरचा तो एक स्वतंत्र आणि सुरेख पदार्थ आहे. मात्र त्यात कॉफीची चव शोधायला जाऊ नये. पुडीत बऱ्याचदा चिकोरीचे मूळही भाजून दळलेले असते. कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी शेकडा ४९पर्यंत चालते असा आपल्या देशातला नियम आहे. म्हणजे जवळजवळ अर्धे मूळ, वर दूध, वर साखर, वर जायफळ. एवढ्या पांघरुणांखाली निजलेल्या बीला 'तू परकी' असे म्हणण्यापूर्वी तिचे तोंड तरी पाहावे.

आमचा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. उकळणे आणि गाळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे सांगायला आपल्याला जर्मनीला जावे लागत नाही. शार्ङ्गधरसंहितेत पाच कषायकल्पना सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. भरड द्रव्य सोळापट पाण्यात घालून आठवा भाग उरेपर्यंत आटवायचे तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. सहापट थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायचे तो हिम. भरड केलेल्या द्रव्यावर चौपट गरम पाणी ओतून, थोडा वेळ मुरू देऊन गाळून घ्यायचे तो फांट. आता महागड्या दुकानांतून 'कोल्ड ब्रू' म्हणून मिळते तो हिम आहे. काचेच्या पात्रातली कॉफी हा फांट आहे. आणि आपण घरोघर आणि टपरीटपरीवर करतो तो, चहा असो की कॉफी, दुधातला काढा आहे.

यावरून कोणी 'म्हणजे हे सगळे आपल्याकडे आधीच होते' असा जयघोष सुरू करू नये. शार्ङ्गधराला कॉफी ठाऊक नव्हती, आणि प्रमाणेही अगदी वेगळी आहेत. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की द्रव्यातून सार काढण्याच्या वेगवेगळ्या रीतींना नावे देणारी भाषा आपल्या हाती होती. औषधाच्या निमित्ताने का होईना, काढा केव्हा आणि फांट केव्हा हा विवेक होता. सुगंधी, नाजूक द्रव्यांचा काढा करीत नाहीत, कारण उकळीबरोबर गंध उडून जातो. कॉफीचेही तेच. तिचा गंध उडून जाणाऱ्या द्रव्यांत असतो; ती बराच वेळ उकळली की गंध स्वयंपाकघराला मिळतो आणि पेल्यात उरतो तो कडवटपणा. मग तो झाकायला साखर, आणि साखर झाकायला दूध. ज्याला आपण 'आपली आवड' म्हणतो ती पुष्कळदा एका चुकीच्या रीतीवर केलेली मलमपट्टी असते.

आता कृती सांगतो, आणि ती मुद्दाम घरच्या मराठीत सांगतो. ३० ग्रॅम भाजलेल्या बिया हाताने फिरवायच्या छोट्या चक्कीत दळाव्या. दळण जाड्या रव्यासारखे असावे. बारीक पिठासारखे झाले तर पाणी अडते आणि कॉफी कडू होते, भरडीसारखे राहिले तर पाणी नुसते वाहून जाते आणि पेला आंबट, पांचट लागतो. कागद नरसाळ्यात असा बसवावा की त्याचे तीन पदर चोचीच्या बाजूला येतील. एक पदर तिथे आला तर तो ओला होऊन चोचीत बसतो, आतली हवा कोंडते आणि गळती थांबते. कागद आधी गरम पाण्याने धुवावा म्हणजे कागदाचा वास जातो आणि पात्रही तापते. ते पाणी तुळशीला घालावे. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह कोरडे पडताना ज्यांनी पाण्याचे दिवस मोजले त्या यवतमाळकरांना हे सांगावे लागू नये. यवतमाळची उंची सुमारे साडेचारशे मीटर, म्हणजे इथे पाणी शंभर अंशांच्या थोडे खालीच उकळते. उकळी बसल्यावर अर्धा-एक मिनिट थांबले की ते ९४-९५ अंशांवर येते, आणि हवे असते तेवढेच. बोअरचे जड पाणी मात्र वापरू नये. त्यातले क्षार कॉफीतल्या आंबटपणाला मारतात आणि चव सपाट होते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्या पाण्यात कॉफीला चव येत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिली धार थोडी, साधारण ६० मिलिलिटर. सगळा रवा भिजेल एवढीच. ताजी भाजलेली कॉफी असेल तर ती लगेच फुलते, भिजलेल्या पिठासारखी वर येते, बुडबुडे सोडते. भाजताना बीमध्ये अडकलेला कर्बवायू सुटत असतो. तो अर्धे-पाऊण मिनिट सुटू द्यावा, नाहीतर तो पाण्याला आत शिरू देत नाही. फुगली नाही तर समजावे की माल शिळा आहे. मग बारीक धारेने, मधून बाहेर आणि बाहेरून मध्ये, गोल फिरवत एकंदर ५०० मिलिलिटर पाणी ओतावे. चार ते पाच मिनिटांत गळती संपावी. धार धरायला लांब नळीची किटली मिळते. तिला मराठीत काय म्हणावे असा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला तेव्हा आमच्या लक्षात आले की या वस्तूला शब्द कधीचा आहे : झारी. बळीच्या दानाचे पाणी जिच्या नळीतून सोडायचे होते आणि जिच्या तोंडाशी शुक्राचार्य अडून बसले, तीच ही झारी. गेली काही वर्षे आम्ही जे आक्षेप ऐकतो आहोत त्यांतले बरेचसे या झारीतल्या शुक्राचार्यांचेच आहेत. दान दुसऱ्याचे, पाणी दुसऱ्याचे, अडवणूक मात्र यांची.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला विनोदाने बाजूला सारता येणार नाही. कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, जिथे २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तिथे पगारदार प्राध्यापकांनी ग्रॅम आणि अंश मोजत कॉफी गाळावी, हे शोभते का? आधी पैशांचा जाब देतो. चांगल्या कॉफीला पाव किलोमागे पाचशे रुपये धरले तर पंधरा ग्रॅमच्या एका पेल्याचे तीस रुपये होतात. टपरीच्या चहापेक्षा हे निःसंशय महाग आहे, आणि मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित कॉफीच्या दुकानापेक्षा कितीतरी स्वस्त. मूळ अमेरिकी पात्राची किंमत हजारांत जाते, पण देशी काचेचे पात्र किंवा साधे नरसाळे तिच्या अंशात येते. कागदही अपरिहार्य नाही. जपानात सुती फ्लॅनेलच्या पिशवीतून गाळण्याची जुनी रीत आहे. कापड दर वेळी स्वच्छ धुऊन पाण्यात बुडवून ठेवायचे आणि अधूनमधून उकळायचे, एवढेच पथ्य. वस्त्रगाळ हा शब्द आपल्या घरात आहे, आणि कापसाच्या जिल्ह्यात कापडाची टंचाई पडू नये.

पण या आक्षेपाचा गाभा पैशात नाही. 'गरिबांच्या मुलखात चव कसली मोजता' या वाक्यात एक गृहीत आहे : पोट गरिबांचे असते आणि जीभ श्रीमंतांची. आम्हांला हे गृहीत केवळ चुकीचे नव्हे तर घातक वाटते, आणि ते का ते कापसाच्याच उदाहरणाने सांगता येईल. आमच्या भागातला शेतकरी कापसाचा बोंड हातात घेऊन चिमटीने धागा ओढतो आणि त्याची लांबी, ताकद सांगतो. तरी खरेदीच्या दारात त्याला सांगितले जाते की ओलावा जास्त आहे, धागा आखूड आहे, कवडी आहे. १९७२ ते २००२ पर्यंत महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. त्या काळात केंद्रावरच्या ग्रेडरचा शब्द म्हणजे वर्षभराच्या कष्टाचा निकाल असे. योजना गेली, ग्रेडरच्या जागी व्यापारी आला, हाती ओलावा मोजण्याचे यंत्र आले. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्यावर कपात आणि बारा टक्क्यांवर नकार. शेतकऱ्याचा हात जे जाणतो त्याला बाजारात शब्द नाही, आणि ज्याच्याकडे शब्द आहे तो भाव ठरवतो. आपल्या मालाची प्रत ज्याला स्वतः सांगता येत नाही त्याच्या मालाचा भाव दुसरा सांगतो. प्रत सांगायला इंद्रिये लागतात आणि इंद्रियांना भाषा लागते. म्हणून चव ओळखण्याला आम्ही चैन मानत नाही. तो हक्काचा प्रश्न आहे.

कॉफीच्या इतिहासात हे लख्ख दिसते. १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे सगळे पीक जमा करण्याची व्यवस्था आली. त्या साठ्यात मळ्याचे नाव पुसले जाई. पिकवणाऱ्याला आपली कॉफी आपल्या नावाने विकता येत नसे. नव्वदीच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १९९६ साली पूर्ण उठले. त्यानंतर कर्नाटकातले मळेवाले आपल्याच बिया भाजून, दळून, चाखून पाहू लागले आणि पुडीवर मळ्याचे नाव आले. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी तर २०१७ साली पॅरिसमध्ये त्याच नावाच्या दुकानात पोचली. २०१९ साली भारतातल्या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांत कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि वायनाड यांच्या बरोबरीने अराकू आहे. यामागे जमीन, सावली, उंची हे सारे आहेच. पण आपल्या बीची चव चाखून, ओळखून, तिचे वर्णन करून ती पुढे मांडणारी माणसेही आहेत.

आता आपल्याकडे पाहू. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या कडेला, सुमारे अकराशे मीटर उंचीवर चिखलदरा आहे, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथे. ब्रिटिश काळात लावलेल्या या पिकाचा उल्लेख पर्यटनाच्या प्रत्येक पुस्तिकेत एका ओळीत येतो : 'महाराष्ट्रातील कॉफी पिकवणारे एकमेव ठिकाण'. ही ओळ वाचून पर्यटक धुके पाहायला जातात, रबडी खातात आणि परत येतात. ती कॉफी कशी लागते, तिचा आंबटपणा कोणत्या जातीचा, ती हलकी भाजावी की गडद, हे मराठीत कोणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही. वऱ्हाडातले साहित्यिक चिखलदऱ्यावर कविता करतात, कीचकवधाची कथा सांगतात. त्या डोंगरावर लाल होणारे फळ मात्र कोणाच्या जिभेवर आलेले नाही. 'एकमेव' हे विशेषण आपण अभिमानाने मिरवतो, पण चव न घेता मिरवलेला अभिमान हा फक्त फलक असतो.

इथे भक्तांचा हिशेब येतो. पुण्या-मुंबईत, आणि आता नागपुरातही, हाताने गाळलेल्या कॉफीचे मराठी शौकीन पुष्कळ झाले आहेत. त्यांच्याकडे चार प्रकारची पात्रे असतात, तराजू असतो, घड्याळ असते. पण पेला तोंडाला लावल्यावर ते जे बोलतात त्यात एक मराठी विशेषण नसते. चव सांगताना ते ब्लूबेरी आणि कॅरॅमल म्हणतात. यांतले निम्मे पदार्थ त्यांनी खाल्ले ते चॉकलेटच्या वेष्टनावरून. ज्या भाषेत आंबट, आंबूस, आंबटगोड आणि आंबटढाण असा आंबटपणाचा उतरता-चढता जिना आहे. कडू, कडवट आणि कडूजहर आहे. वासाला खमंग, खरपूस, करपट, जळकट, उग्र, कुबट, वाफट असे शब्द आहेत, ती भाषा यांना स्वयंपाकघरात सोडून यावीशी वाटते. खमंग आणि खरपूस यांतला फरक थालीपिठाची भाजणी केलेल्या कोणत्याही बाईला सांगता येतो, आणि कॉफी भाजताना नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो. चिंच, कोकम, आवळा, बोर, कवठ यांचे आंबटपण एकसारखे नाही हे आमचा विद्यार्थी डोळे मिटून सांगेल. हलक्या भाजलेल्या कॉफीत बोराची आठवण येते असे तो म्हणाला तर ते ब्लूबेरीपेक्षा कमी कसे? उलट ते अधिक खरे, कारण बोर त्याने बांधावरचे खाल्ले आहे.

भक्तांचा दुसरा दोष म्हणजे अध्यात्म. कॉफी गाळणे ही साधना आहे, धार धरताना मन शांत होते, क्षणात जगता येते, असे फार लिहिले जाते. मन शांत होत असेल तर उत्तम. पण हे लिहिणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांच्याच घरात गेली वीस वर्षे 'जरा चहा टाक' या हुकमावर दिवसातून पाच-सहा वेळा उठणाऱ्या बाईच्या आधणाला कोणी साधना म्हटलेले नसते. रविवारी सकाळी एक पात्र कॉफी करून तिचे छायाचित्र काढायचे आणि ओला कागद, सांडलेला रवा, डागाळलेले पात्र ओट्यावर तसेच ठेवून द्यायचे, ही साधना नव्हे, ही जुनीच पुरुषी सवय नव्या काचेत आहे. आमच्या मंडळात स्त्रिया आहेत आणि त्यांनी घातलेला नियम सोपा आहे : ज्याला प्यायची त्याने दळावी, गाळावी, आणि धुवावीही. हाताने गाळण्यात काही नैतिक मूल्य असेलच तर ते इथे आहे. या कॉफीला यंत्र नाही तसा हुकूमही नाही. ती करणाऱ्याला जागेवर चार मिनिटे उभे राहावे लागते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पेल्यावर किती ओझे लादता? ओझे आम्ही लादलेले नाही. 'परके', 'चैन', 'थेरं' हे शब्द आधी लादले गेले. आम्ही ते फक्त उतरवून ठेवतो आहोत. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमचे कापड विणले जाते आणि इथला माणूस ते बोटांत धरून त्याचा पोत सांगतो. त्याला कोणी नखरेल म्हणत नाही. आंबेमोहोर कोणता आणि भेसळीचा कोणता हे वासावरून सांगणाऱ्या आजीला कोणी उच्चभ्रू म्हणत नाही. जाणकारी कापडात चालते, तांदळात चालते, शास्त्रीय गाण्यात तर तिची पूजा होते. मग कॉफीच्या पेल्यापाशी आल्यावर अडाणीपणा हाच सद्गुण कसा ठरतो? त्याचे कारण एवढेच की तिथे जाणकारी इंग्रजीत बोलते, आणि इंग्रजीत बोलणाऱ्या कशाशीही आपला व्यवहार एक तर लोटांगणाचा असतो नाहीतर टिंगलीचा. बरोबरीचा नसतो.

बरोबरी साधायची तर दोन गोष्टी कराव्या लागतील. टिंगल करणाऱ्यांनी एकदा साखर-दुधाविना, नीट गाळलेला, थोडा निवलेला पेला प्यावा, आणि आवडला नाही तर का आवडला नाही ते नेमक्या मराठी विशेषणांत सांगावे. 'कडू आहे' एवढ्यावर थांबू नये, कारण कारलेही कडू आहे आणि मेथीही. भक्तांनी आपली टिपणे मराठीत ठेवावीत. आणि आपण वैदर्भीयांनी चिखलदऱ्याची कॉफी मागावी, दळावी, गाळावी, आणि ती वाईट असेल तर कशी वाईट आहे हेही लिहावे. वाईट म्हणायलाही शब्द लागतात, आणि पिकवणाऱ्याच्या ते कामाला येतात. 'एकमेव' हा शब्द कोणाच्याच कामाला येत नाही.

हे झाले नाही तर काय होईल तेही स्पष्ट आहे. उद्या ती कॉफी कोणीतरी बाहेरचा येऊन चाखेल, तिला इंग्रजी नाव देईल, पुडीवर वाघाचे चित्र छापेल, आणि आपण ती दुप्पट भावाने विकत आणून म्हणू की बघा, आमच्या मेळघाटची. कापसाच्या बाबतीत धाग्याची लांबी दुसऱ्याने मोजली. कॉफीच्या बाबतीत तरी पहिला घोट आपला असावा.